पर्सनल रेपोत (कोड ठेवायच्या जागेत) पायथन, गो आणि रस्ट या तीन भाषा एकत्र आहेत, बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्यासाठी, बेझेल हे टूल लावू की मेक हे साधं टूल पुरेल? लोकल ट्रेनमध्ये नेट नसताना पण बिल्ड व्हायला हवं.

मेक पुरेल, बेझेल नका लावू. अंधेरीला ऑफिसात मी बेझेलच सांभाळतो, घरच्या रेपोत मात्र मेक, कारण बेझेलचे रूल्स आणि व्हर्जन अपडेट करत राहणं हे एकट्या माणसासाठी खरंच मोठं काम आहे. प्रत्येक भाषेचं स्वतःचं टूल तसंच राहू द्या, रस्टला कार्गो वर्कस्पेस (अनेक प्रोजेक्ट एकत्र हाताळायची सोय), गोला गो १.१८ पासून आलेलं वर्कस्पेस, पायथनला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्ररींची स्वतंत्र जागा), आणि सर्वांत वरच्या फोल्डरमधल्या मेकफाइलने (मेकच्या सूचनांच्या फाइलने) फक्त त्यांना हाक मारायची. फोल्डर भाषेप्रमाणे नको, प्रोजेक्टप्रमाणे करा, सहा महिन्यांनी उघडलं तरी सापडतं. मेकफाइलमधली टार्गेट्स (बिल्ड, टेस्ट अशी कामांची नावं) फोनी म्हणून, म्हणजे ही फाइलींची नावं नाहीत असं, नक्की लिहा, नाहीतर टेस्ट नावाचा फोल्डर असला की मेक म्हणतं सगळं अपडेटेड आहे आणि टेस्ट चालतच नाहीत (हे पटकन लक्षात येत नाही). लोकल ट्रेनसाठी घरून निघतानाच लागणाऱ्या लायब्ररी उतरवणाऱ्या कार्गो फेच आणि गो मॉड डाउनलोड या कमांड मारून ठेवा, पायथनचं इन्स्टॉलही तेव्हाच उरका. फक्त एका भाषेतून जनरेट झालेला कोड दुसऱ्या भाषेत जात असेल, म्हणजे प्रोटोबफ (एकाच डेटा-व्याख्येतून अनेक भाषांचा कोड बनवणारं टूल) वगैरे, आणि असं बऱ्याच ठिकाणी असेल तर बेझेलचा विचार करा, कारण ती डिपेंडन्सी (कोणता कोड कशावर अवलंबून आहे ते) मेकमध्ये हाताने लिहावी लागते आणि एखादी राहून जातेच.