४० हजारांत पहिला कॅमेरा घ्यायचाय. १८-५५ आणि ५५-२५० असा दोन लेन्सचा किट घेऊ का? घरची माणसं आणि सण टिपायचे आहेत.

दोन लेन्सचा किट नका घेऊ. हे आकडे मिमीमधले, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. पक्षी टिपायचे असते तर ५५-२५० घ्या म्हटलं असतं. घरात ती बॅगेतच पडून राहते.

त्यापेक्षा चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड बॉडी बघा, कॅनन २००डी किंवा निकॉन डी३५००, १८-५५ सकट. उरलेल्या पैशांत एफ १.८ ची एक प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स घ्या. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. माझा सगळा जीव या दुसऱ्या लेन्सवर आहे.

गावी आजी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. उजेड काय तो जाळाचा आणि एका झरोक्याचा. किट लेन्स ५५ वर नेली की अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ ५.६ च्या वर उघडत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ६४०० करूनही शटर १/१५ सेकंदावरच अडकलं. फोटोत चूल स्पष्ट, फळीवरची भांडी स्पष्ट, आणि आजीचे हात नुसते पुसट. पुढच्या खेपेला मित्राची ५० एफ १.८ मागून नेली. एफ ५.६ पेक्षा एफ १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो. त्याच जागी, तेवढ्याच उजेडात १/१२५ मिळालं. भाकरीवर उठलेली बोटं मोजता येतात त्या फोटोत. आजी आता नाही, फोटो ओटीवर लावलाय.

आता ३५ की ५०? या दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, लहान आहे, त्यामुळे ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते. चेहऱ्यांना छान, पण लहान खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते. दुकानात विचारण्याआधी किट लेन्स आठवडाभर ३५ वर ठेवून फोटो काढा, मग आठवडाभर ५० वर. तुमचं घर तुम्हाला उत्तर देईल. निकॉन घेतलात तर ३५ एफ १.८ जी डीएक्स घ्या. स्वस्त मिळते म्हणून जुनी ५० एफ १.८ डी घेऊ नका. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यावर तिचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननला ५० एसटीएम, आणि खोल्या फारच लहान असतील तर २४ एफ २.८.

मिररलेसची, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांची चिंता आत्ता करू नका. पुढे त्याच कंपनीची मिररलेस बॉडी घेतलीत तरी या लेन्स अ‍ॅडाप्टर लावून ऑटोफोकससकट चालतात.

सेकंडहँड लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी परत द्या. आमच्याकडे कोकणात तर हे बघितल्याशिवाय पैसे काढूच नयेत. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदलत राहा.