वाचकांचे प्रश्न : झाकण कुणाचं?

प्रश्न : ताई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण मार्चमध्ये फुटलं. बेचाळीस जणांच्या सह्या घेऊन तीन अर्ज दिले. मोबाइलवरची तक्रार दुसऱ्याच दिवशी 'निकाली' दिसली. झाकण आहे तसंच. लोकशाही दिनाला, म्हणजे महापालिकेत तक्रारी ऐकतात त्या दिवशी गेलो, तर सह्या बघूनच अर्ज परत केला. पोरं म्हणतात, मोर्चा काढू. तुम्ही महापालिकेत होतात म्हणून विचारतो.
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, आधी झाकण नीट बघून या. चेष्टा करत नाही. फुटक्या तुकड्यावर नाहीतर शेजारच्या चेंबरवर बरेचदा अक्षरं ओतलेली असतात. सांडपाण्याचं असेल तर मलनिःसारण विभाग. टेलिफोनचं किंवा विजेच्या केबलचं असेल तर ते महापालिकेचं नव्हेच.

मी 29 वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसले. अर्ज आला की शिक्का, आवक क्रमांक, आणि मग साहेबांकडे. साहेब वरच्या चार ओळी वाचतात आणि कोपऱ्यात विभागाचं नाव लिहितात. विभाग चुकला की काही आठवड्यांनी कागद परत : 'सदर बाब या विभागाशी संबंधित नाही.' असं दोनदा झालं की कुणीतरी 'दप्तरी दाखल' असा शेरा मारतं. अर्ज तिथेच संपला, पण तुम्हाला ते कळवायला कुणी येत नाही.

लोकांचंही चुकतं हो. 'आम्ही नियमित कर भरणारे सुजाण नागरिक' इथून सुरुवात, आणि जागा तिसऱ्या पानावर : 'मारुती मंदिराजवळ'. आमच्या हद्दीत मारुतीची चार देवळं होती! उलट एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर यायचे. पाव कागद. खांबाचा क्रमांक, 'दिवा आठ दिवस बंद', सही. पोच घ्यायचे आणि दर गुरुवारी येऊन विचारायचे, "बाई, माझा जावक नंबर पडला का?" आवाज कधी चढला नाही. पण बुधवारी दुपारी विद्युत विभागातला कनिष्ठ अभियंता मलाच फोन करायचा, "उद्या मास्तर येणार ना? सांगा, दिवा लागलाय."

लोकशाही दिनाचं म्हणाल तर तिथे तक्रार वैयक्तिकच लागते, तसा नियमच आहे. तुमच्या एकट्याच्या नावाने, एकच विषय घेऊन, पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात अर्ज द्या. महिन्याचा पहिला सोमवार असतो. बेचाळीस सह्या तिथे अडचणच. त्या नगरसेवकाच्या कार्यालयात न्या, तिथे बेचाळीस सह्यांची किंमत लगेच कळते. क्षेत्रसभेची, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे. तुमच्याकडे ती कधी झाली, हेही त्यांनाच विचारा.

आता ते तीन जुने अर्ज. माहिती अधिकारात 'झाकण का बसवलं नाही?' असं विचारू नका. 'का'ला नोंद नसते, म्हणून उत्तरही मिळत नाही. लिहा : 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या टिपण्यांच्या व शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात.' दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द एवढीच मर्यादा आहे, तुम्हाला तीस पुरतील. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. कागद कुणाच्या टेबलावर थांबला, ते त्या प्रतींवर तारखेसकट दिसतं. मोबाइलवरच्या 'निकाली'चा फोटो आणि त्याच दिवशीचा झाकणाचा फोटो काढून ठेवा. दुकानाची पाटी चौकटीत येऊ द्या.

मोर्चा काढायचा तर काढा. फक्त पोच नसलेले लोक पुढे ठेवू नका.

आणि हे सगळं होईपर्यंत थांबू नका. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात परळ भागात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडले; दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याला त्यांचा देह मिळाला. आजच आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन करून बॅरिकेड मागा (मुंबईत असाल तर 1916), आणि फोन घेणाऱ्याचं नाव नि वेळ वहीत लिहा. बॅरिकेड येईपर्यंत काठीला लाल फडकं बांधून उभं करा. झाडाची फांदी खोचू नका, पाणी भरलं की ती वाहून जाते.

प्रश्न : पुण्यात अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात. त्यातून खरंच काही होतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होतं, पण छोटं. ही पद्धत तिथे 2006 पासून आहे. पदपथाची दुरुस्ती, बाक, दिवे अशी कामं सुचवा. उड्डाणपूल मागू नका. जागा महापालिकेच्या मालकीची हवी. सोसायटीच्या कुंपणाआतलं काम पहिल्याच चाळणीत उडतं. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, आणि त्याचीही पोच घ्या.