‘स्मृतिचषक’ की ‘साकाझुकी’?

प्रश्न असा आला आहे : जपानी नौदलातल्या जुन्या, प्रसंगानिमित्त काढलेल्या मद्यपात्रांचा संग्रह मी करतो. मराठी यादीत त्यांना ‘साकी-स्मृतिचषक’ लिहावे का?

माझे मत स्पष्ट आहे : लिहू नये. या शब्दाचे तिन्ही तुकडे वाचकाला भलतीकडे नेतात.

आधी ‘साकी’. तांदळाच्या त्या मद्याचे नाव ‘साके’, शेवटी स्वच्छ एकार. ‘साकी’ हा इंग्रजी उच्चारातून आलेला अपभ्रंश. शिवाय मराठीत साकी आधीच दोन आहेत : गझलेत मद्य ओतून देणारा आणि संगीत नाटकांत दिंडी-कटावाच्या जोडीने येणारा पद्यप्रकार. तिसऱ्याची भर नको.

‘चषक’ मूळचा मद्यपात्राचाच संस्कृत शब्द, म्हणून मोह होतो. पण विश्वचषकानंतर तो मराठीत फक्त जिंकायचा उरला. ‘नौदलाचा चषक’ म्हटले की वाचक विचारणार, कोणत्या स्पर्धेचा? प्याला आणि पेला खोल असतात, आणि ही पात्रे तर बहुतेक बशीसारखी उथळ. जपानीत या उथळ पात्राला ‘साकाझुकी’ म्हणतात आणि छोट्या, खोलगट पात्राला ‘चोको’ (आदराने ‘ओचोको’). इंग्रजी विक्रेते दोन्हींना एकाच नावाने विकतात. संग्राहकाने हा भेद सोडू नये. म्हणून मूळ शब्दच घ्यावा.

‘साकाझुकी’ची फोड सुंदर आहे. समासात ‘साके’चे ‘साका’ होते, ‘त्सुकी’ म्हणजे वाडगा, आणि जोडताना ‘त्सु’चा ‘झु’ होतो; वाक् + ईश = वागीश होताना कठोर व्यंजन मृदू होते, तोच प्रकार. उच्चार खरे तर ‘जुना’तल्या ज-च्या जवळचा, पण ‘सुझुकी’ आपण झ-ने लिहितो, तीच वाट इथे धरावी. ईकारान्त असल्याने शब्द सहज स्त्रीलिंगी होतो : ती साकाझुकी, त्या साकाझुक्या, साकाझुकीवरचे चित्र. वाटी-वाट्या चालवतो तसाच चालवावा.

आता ‘स्मृति’. माझा खरा आक्षेप इथे आहे. या पात्रांवर बहुधा ‘किनेन’ हा शब्द असतो. कोशात त्याचा अर्थ ‘स्मरण’ असा मिळेल. पण मराठीत भांड्यावर ‘स्मरणार्थ’ कोरलेले दिसले की आधी ‘कै.’ शोधला जातो. इथे कोणी गेलेले नसते. नौसैनिकाची सेवेची मुदत पुरी झाली की तो साकाझुक्या करवून घेई, आणि भरतीच्या वेळी ज्यांनी निरोपाची भेट दिली होती त्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना देई. आपल्याकडे मुंजीत नाव घातलेली भांडी वाटतात, त्याच्या जवळची ही रीत. अशा भांड्यावर आपण ‘प्रीत्यर्थ’ किंवा ‘निमित्त’ लिहितो. म्हणून ‘मान्की किनेन’ म्हणजे ‘मुदतपूर्तीनिमित्त’ आणि ‘गाइसेन किनेन’ म्हणजे ‘विजयी पुनरागमनानिमित्त’. चीनशी १८९४-९५ मध्ये आणि रशियाशी १९०४-०५ मध्ये झालेल्या युद्धांच्या काळापासून ही प्रथा रुजली आणि १९४५ पर्यंत चालली.

वर्णन लिहिताना एक काळजी घ्या. नौदलाच्या साकाझुकीवर नांगर आणि साकुराचे (जपानी चेरीचे) फूल वारंवार दिसते. नुसते ‘नांगर व फूल’ लिहिलेत तर शेतकऱ्याचा नांगर डोळ्यांपुढे येईल. ‘जहाजाचा नांगर’ लिहा. त्या काळच्या आडव्या ओळी उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, नाहीतर जहाजाचे नाव उलटे उतरवले जाईल.

नोंद अशी करता येईल : ‘साकाझुकी, चिनीमाती, नौदलसेवेच्या मुदतपूर्तीनिमित्त, शोवा ८ (१९३३)’. मेजी, ताइशो आणि शोवा ही सम्राटांच्या कारकिर्दींची नावे. या कालगणनेतला आकडा आपल्या सनात आणायला मेजीत १८६७, ताइशोत १९११ आणि शोवात १९२५ मिळवा. मेजी ३८ म्हणजे १९०५. मात्र १९१२ आणि १९२६ या वर्षांत मध्येच सम्राट बदलले, त्यामुळे मेजी ४५ व ताइशो १ हे दोन्ही १९१२ मध्ये, आणि ताइशो १५ व शोवा १ हे दोन्ही १९२६ मध्ये येतात. पात्रावरचा मूळ आकडा म्हणूनच नोंदीत तसाच ठेवावा आणि आपला सन कंसात द्यावा.