परीक्षा बुडवून परिषदेला पाठवावं का?

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. दिल्लीतल्या एका सरकारी विज्ञान परिषदेला कॉलेजचा गट जातोय, पण त्याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा आहे. पाठवावं का? प्रमाणपत्राचा एमएस्सीच्या प्रवेशाला उपयोग होतो का? – एक पालक

उत्तर : आधी प्रमाणपत्राचं बोलू. आयआयटीतले एमएस्सीचे प्रवेश जॅम या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. तिथे हा कागद कुणी विचारत नाही. तेवढ्यासाठीच जायचं असेल तर परीक्षाच द्यावी.

पण या परिषदा त्यासाठी नसतातच. १९१४ मध्ये कलकत्त्यात भारतीय विज्ञान काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, आशुतोष मुखर्जी अध्यक्ष होते आणि जमले होते १०५ जण. ठिकठिकाणी विखुरलेल्या संशोधकांनी एकत्र बसून एकमेकांचं काम ऐकावं, हा हेतू. पुढे पंतप्रधानांनी उद्घाटन करायचा प्रघात पडला आणि, माझ्या मते, भाषणं वाढून चर्चा आटली. २०२३ च्या जानेवारीत नागपूर विद्यापीठात १०८वं अधिवेशन झालं. त्याच वर्षी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने पाठबळ काढून घेतलं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये भरलेल्या 'एस्टिक' या केंद्र सरकारच्या विज्ञान परिषदेचा बाज निराळा होता. क्वांटम, सेमीकंडक्टर, अवकाश, जैवउत्पादन असे ११ विषय सरकारनेच ठरवलेले. पालक म्हणून तुम्ही ही यादी नीट वाचा, कारण सरकारी पैसा कुठे वळतोय ते तिच्यात दिसतं. एकट्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६ हजार कोटींहून जास्त मंजूर झाले. असा पैसा पुढे प्रयोगशाळा, प्रकल्पातल्या जागा आणि फेलोशिप होऊन येतो. भौतिकशास्त्राच्या मुलीने त्याकडे दुर्लक्ष करू नये.

गेलीच तर तिला उद्घाटनाच्या गर्दीत अडकू नको म्हणावं. आपल्या संशोधनाच्या पोस्टरजवळ पीएचडीची मुलं उभी असतात, दिवसभर बोलून कंटाळलेली. पण कुणी खरा प्रश्न विचारला की खुलतात. गाइड कसा मिळाला, प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्पाला घेतात का, ई-मेल कुणाला करायचा, हे त्यांनाच विचारावं. त्यासाठी निघण्याआधी दोन-तीन संशोधन गटांचं काम वाचून जायला हवं. एवढी तयारी करायची तिची इच्छा नसेल, तर या वर्षी राहू द्या.

तयारी असेल तर विभागप्रमुखांना आत्ताच भेटा आणि फेरपरीक्षेचं लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर निघू नका.