रिपीट करायचं कुणी ठरवलं?

प्रश्न : मुलाला एमएचटी-सीईटीत ९१ पर्सेंटाइल आहेत. त्याला ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) हवं आहे आणि ते मिळेलही. पण आता ग्राफिक्स आणि सीपीयू (कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर) एकाच चिपवर येतात, म्हणजे हार्डवेअरमध्ये करण्यासारखं काही उरलं नाही, असं माझं मत झालं आहे. म्हणून कॉम्प्युटर शाखेसाठी त्याला एक वर्ष रिपीट करायला लावायचं ठरवलं आहे. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून त्याने जोडलेला पीसी सध्या कपाटात ठेवला आहे. बरोबर ना?
– एक पालक, सिंहगड रोड

उत्तर : नाही, बरोबर नाही. मला काळजी पर्सेंटाइलची वाटत नाही, त्या कपाटाची वाटते. अठरा वर्षांच्या मुलाने पीसी जोडला, तो चालवून दाखवला आणि त्याच विषयाची शाखा मागितली. इतकं स्पष्ट उत्तर फार थोड्या मुलांकडे असतं. त्यावर तुम्ही त्याचा पीसी काढून घेतलात आणि वर त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष परस्पर ठरवून टाकलंत. ज्याला रिपीट करायचंच नाही, तो मुलगा वर्षभर क्लासला जातो, पण अभ्यास करत नाही. आजच त्याचा पीसी त्याला परत द्या.

आता तुमचा गैरसमज. एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली ती हे दोन्ही प्रोसेसर एकत्र आणायलाच. २०११ मध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनीही लॅपटॉपसाठी अशा चिप बाजारात आणल्या. पण त्यात सीपीयू आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सचा प्रोसेसर, एकमेकांत विरघळले नाहीत. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं यावीत तसं झालं : चुली वेगळ्या, पाणी एकच. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की डेटा मदरबोर्डवरून कार्डाच्या मेमरीत न्यावा लागतो, त्यात वेळ आणि वीज जाते. एका चिपवर ती ये-जा वाचते. मात्र दोघांना रॅम एकच, उष्णतेची मर्यादाही एकच. गेम चालू असताना जीपीयू तापला तर सीपीयूचा वेग उतरवावा लागतो. कुणाला मेमरी आधी द्यायची, वीज कशी वाटायची, एवढे ट्रान्झिस्टर तपासायचे कसे, हे सगळं चिप डिझाइनचं काम आहे आणि एकत्र आणल्यामुळे ते वाढलं आहे. मोठ्या गेमसाठी आणि एआयसाठी स्वतःची मेमरी असलेली वेगळी कार्डंही आहेतच. हे काम करणारे लोक इलेक्ट्रॉनिक्समधूनही येतात. जीपीयू बनवणाऱ्या एनव्हिडियाचं ऑफिस पुण्यातच आहे, तिथल्या डिझाइनच्या जागांसाठी कोणत्या पदव्या मागतात ते वेबसाइटवर वाचा.

मुलाला सांगा, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर हे दोन विषय जीव लावून कर. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि व्हेरिलॉग ही चिप डिझाइनची भाषा कॉलेजने शिकवायची वाट पाहू नकोस. पुढे एम.टेक.साठीची गेट परीक्षा आहे, सी-डॅकचा व्हीएलएसआय म्हणजे चिप डिझाइनचा डिप्लोमा आहे, ते तिसऱ्या वर्षी बघता येईल.

कॅप राउंडच्या (प्रवेश फेरीच्या) ऑप्शन फॉर्ममधला कॉलेजांचा क्रम त्यालाच लावू द्या. तुम्ही फी, घरापासूनचं अंतर आणि त्या कॉलेजची लॅब खरंच चालू असते का, एवढं जाऊन बघून या. रिपीटचा विषय त्याने स्वतः काढला तरच बोला.