पीपीआयचे पैसे परत मिळवायला क्लेम कंपनी नेमावी का?

नेमू नका. ब्रिटनमध्ये कर्ज किंवा क्रेडिट कार्डासोबत गळ्यात मारलेल्या पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्सची, म्हणजे पीपीआयची (आजारपण आलं किंवा नोकरी गेली तर कर्जाचे हप्ते भरणारा विमा), तक्रार थेट बँकेकडे करता यायची आणि बँकेने फेटाळली तर फायनान्शियल ओम्बुड्समन या तक्रार निवारण संस्थेकडे. दोन्ही ठिकाणी एक पेनीही लागत नसे. क्लेम कंपन्या तुमच्या वतीने तेच फॉर्म भरून मिळालेल्या रकमेतला वाटा घ्यायच्या. २०१८ मध्ये कायद्यानेच त्यावर २० टक्के अधिक व्हॅट अशी मर्यादा घातली. त्याआधी काही जण याहून बरंच जास्त कापत. मुख्य म्हणजे बँकेकडे तक्रार करायची मुदत २९ ऑगस्ट २०१९ लाच संपली, अपवाद अगदी मोजके. त्यामुळे आज कोणी ‘पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन केला तर तो सरळ ठेवून द्या.

एक वाट मात्र उरते: बँकेने विम्याच्या हप्त्यातलं स्वतःचं भलंमोठं कमिशन लपवलं असेल तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्लेव्हिन निकालाच्या आधारे काही जण कोर्टात जातात. त्यासाठी सहसा सॉलिसिटर, म्हणजे वकील, नेमावा लागतो. सही करण्याआधी हरल्यास खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.