रानफुले, धबधबे आणि खडकातील कमानी : छोट्या पदभ्रमणाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांचा विषय एकच आहे : रानफुले, धबधबे किंवा खडकातील नैसर्गिक कमानी पाहण्यासाठी केलेली, एका दिवसात आटोपणारी भटकंती. बहुतेक पत्रलेखकांनी सुरुवात 'अंतर किती' या प्रश्नाने केली आहे. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. छोट्या वाटेवर अंतरामुळे क्वचितच कोणी अडचणीत येते. चुकीच्या महिन्यात गेल्यामुळे, चुकीच्या तासाला पोहोचल्यामुळे किंवा भलत्या जागी उभे राहिल्यामुळे मात्र निराशा आणि अपघात दोन्ही पदरी पडतात. त्यामुळे पुढील उत्तरांत किलोमीटरांपेक्षा वेळेचाच विचार अधिक आढळेल.

प्रश्न : आमच्यासोबत सत्तरी ओलांडलेली आई आणि सात वर्षांची मुलगी असते. 'सोपी वाट, पाच किलोमीटर' असे वाचून आम्ही निघतो आणि दर वेळी अंदाजाच्या दुप्पट वेळ लागतो. हिशोब कसा करावा?

उत्तर : विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो. मेट्रिक मापांत सांगायचे तर दर पाच किलोमीटरना एक तास धरावा आणि चढाच्या दर दहा मीटरना एक मिनिट त्यात मिळवावे. मात्र हा हिशोब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. अमेरिकेतील यूटा राज्याच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानातील डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर असून तिचा चढ सुमारे दीडशे मीटर आहे. नेस्मिथच्या ठोकताळ्याने ती सव्वा तासात संपायला हवी. उद्यानाचे व्यवस्थापन मात्र अभ्यागतांना दोन ते तीन तास हाताशी ठेवण्यास सांगते. या वाटेचा मोठा भाग उघड्या कातळावरून जातो आणि सावली जवळजवळ कोठेच नसते, हे त्यामागचे एक कारण. दुसरे असे की, अशा ठिकाणी माणसे चालण्यापेक्षा थांबून पाहतात अधिक, आणि त्यासाठीच तर ती आलेली असतात.

तेव्हा आपल्या कुटुंबासाठी ठोकताळ्याने आलेला वेळ सरळ दुप्पट करावा आणि उतारालाही चढाइतकाच वेळ धरावा, कारण वयस्कर गुडघ्यांना उतारच जास्त जाचतो. घरून निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि ती गाठली की कमान किंवा धबधबा पाचशे मीटरवर असला तरी मागे वळावे. हे बोलायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, हे मान्य. म्हणून ती वेळ पाळण्याचे काम मुलीकडे सोपवून पाहावे, मुले या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतात.

प्रश्न : फुलांचा बहर ऐन भरात असल्याचे वाचून गेलो, तर निम्मी फुले मिटलेली आणि उरलेली सुकलेली. नेमकी वेळ कशी साधावी?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. सुकलेली फुले हा महिन्याचा प्रश्न आहे आणि मिटलेली फुले हा घड्याळाचा.

समशीतोष्ण प्रदेशातील पानझडीच्या जंगलांत वसंतातील कित्येक रानफुलांना फुलायला फारच थोडे आठवडे मिळतात. जमीन उबदार होऊ लागलेली असते, पण वरच्या झाडांना अजून पालवी फुटलेली नसते. तेवढ्या अवधीत जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हावर या वनस्पती पाने काढतात, फुलतात, बी धरतात आणि छत दाट होताच त्यांतील अनेक दिसेनाशा होतात. अशा ठिकाणी वाचलेली बातमी आठवडाभर जुनी असेल तर ती शिळीच समजावी. उशीर झाला असेल, तर त्यावर उपायही आहे. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये एक नियम मांडला. त्यानुसार वसंताचे आगमन उत्तरेकडे दर एका अक्षांशाला, तसेच दर ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीला, साधारण चार दिवसांनी लांबते. हा नियम पूर्व अमेरिकेच्या निरीक्षणांवरून आला असून डोंगराच्या उतारांची दिशा त्यात फरक पाडते, तरी दिशादर्शक म्हणून तो उपयोगी आहे : पायथ्याचा बहर दोन आठवड्यांपूर्वी सरला असेल, तर त्याच डोंगरावर चारेकशे मीटर वर चढून जावे. सावलीचा उतार उन्हाच्या उतारापेक्षा मागाहून फुलतो, हेही लक्षात ठेवावे.

मिटलेल्या फुलांचे कारण याहून साधे आहे. कॅलिफोर्नियाची नारिंगी पॉपी रात्री आणि थंड, ढगाळ हवेत पाकळ्या मिटून घेते. दक्षिण आफ्रिकेतील नामाक्वालँडचा अर्धवाळवंटी प्रदेश ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेझीच्या कुळातील फुलांनी भरून जातो, पण तिथेही पहाटे पोहोचणाऱ्याला हिरवट माळ तेवढा दिसतो. ऊन चांगले तापल्यावर, म्हणजे सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत, तोच माळ रंगीत असतो. ही फुले सूर्याकडे तोंड करून उमलत असल्यामुळे सूर्य पाठीशी ठेवून चालावे, नाहीतर फुलांच्या पाठीच पाहाव्या लागतात. भल्या पहाटे निघण्याचा गिर्यारोहकांचा आवडता सल्ला इथे निरुपयोगी ठरतो.

याच पत्रात 'छायाचित्रासाठी ताटव्यात दोन पावले आत गेल्याने काय बिघडते' असेही विचारले आहे. २०१९ च्या वसंतात कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोर शहरालगतच्या वॉकर कॅनियनमध्ये पॉपी पाहण्यासाठी इतकी गर्दी उसळली की शहर प्रशासनाला तो परिसर काही काळ बंद करावा लागला, आणि २०२३ मध्ये बहर आला तेव्हा तो आधीच बंद ठेवण्यात आला. दोन पावले प्रत्येकाचीच असतात. त्यांची वाट तयार झाली की पुढचा माणूस त्या वाटेने आणखी दोन पावले आत जातो. उत्तर अमेरिकेच्या जंगलांतील ट्रिलियमसारख्या वनस्पतीला बियापासून पहिले फूल येण्यास सात किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. फुलाबरोबर त्याखालची तीन पाने खुडली गेली तर त्या वर्षी झाडाला अन्न तयार करायला दुसरे काहीच उरत नाही.

प्रश्न : धबधब्याला जाण्याचा सर्वोत्तम काळ कोणता, आणि खालच्या डोहात उतरणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : धबधब्याला पाणी कोठून येते, हे आधी पाहावे. बर्फ वितळून वाहणारा धबधबा वसंताच्या अखेरीस जोरात असतो आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्याची धार उरते किंवा तीही आटते. कॅलिफोर्नियातील ७३९ मीटर उंचीचा योसेमिटी धबधबा साधारण मे महिन्यात सर्वांत भरलेला असतो आणि ऑगस्टमध्ये पुष्कळदा कोरडा पडतो. सुटीचा हंगाम नेमका तेव्हाच असल्यामुळे कित्येकांना ओला डाग पडलेला कडा पाहून परतावे लागते. पावसावरचा धबधबा मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसच ऐन जोमात असतो. मोठ्या झऱ्यावर किंवा सरोवरातून निघालेल्या प्रवाहावर असलेला धबधबा वर्षभर फारसा बदलत नाही. बर्फाच्या पाण्यावरील ओढ्यांची आणखी एक खोड आहे : दिवसभराच्या उन्हाने वितळलेले पाणी खाली पोहोचते ते दुपारनंतर, संध्याकाळी किंवा रात्री. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा परतताना गुडघ्याच्या वर असू शकतो.

डोहाविषयी माझे उत्तर नकाराकडे झुकणारे आहे. पडत्या पाण्यात हवा मिसळल्याने पांढरा दिसणारा भाग माणसाला नेहमीच्या पाण्याइतका तोलून धरत नाही; प्रवाह तळाशी खेचतो; आणि बर्फाच्या पाण्याचा अचानक स्पर्श झाला की श्वासावरचा ताबा सुटतो, त्यामुळे चांगले पोहणारेही पहिल्या मिनिटातच पाणी गिळतात. त्याहूनही धोकादायक जागा म्हणजे धबधब्याचा माथा. वरचा प्रवाह उथळ आणि शांत दिसतो, खाली शेवाळाने बुळबुळीत झालेला कातळ असतो आणि पाय घसरल्यावर सावरायला जागा नसते. वेगाने वाहणारे पूरपाणी अवघे पंधरा सेंटिमीटर खोल असले तरी प्रौढ माणसाला पाडू शकते. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाचोळा येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असले तरी वर कोठेतरी पाऊस झाला आहे असे समजून तत्काळ उंचावर जावे.

तुषारांतले इंद्रधनुष्य पाहायचे असेल तर सूर्य पाठीमागे असावा लागतो आणि आपल्या सावलीच्या दिशेपासून सुमारे ४२ अंशांवर ते दिसते. पूर्वाभिमुख धबधब्याला सकाळी आणि पश्चिमाभिमुख धबधब्याला दुपारनंतर जावे, एवढे त्यावरून ठरवता येते.

प्रश्न : बूट कोणते घ्यावेत?

उत्तर : ओल्या कातळावर पकड देणाऱ्या रबरी तळव्याचे आणि आधी वापरून पायाला सरावलेले. धबधब्यांच्या वाटेवर पाणी आत न येऊ देणाऱ्या बुटांपेक्षा आत आलेले पाणी लवकर निथळू देणारे बूट मला बरे वाटतात.

प्रश्न : खडकात एवढे मोठे भोक पडूनही वरची कमान टिकते कशी? तिच्यावर चढले तर काय होईल?

उत्तर : बऱ्याच प्रसिद्ध कमानी वालुकाश्मात आहेत. आर्चेस उद्यानात अशा दोन हजारांहून अधिक कमानींची नोंद आहे. कोणत्याही एका दिशेने किमान तीन फुटांचे भोक असले की तिथे ती कमान म्हणून मोजली जाते. तेथील गोष्ट जमिनीखालच्या मिठापासून सुरू होते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी समुद्र आटून मिठाचे जाड थर साचले, त्यांवर पुढे वाळू आणि गाळाचे थर बसून त्यांचा खडक झाला. दाबाखाली मीठ सरकते, फुगवटे घेते. त्याने वरचा खडक वाकला आणि त्याला समांतर भेगा पडल्या. भेगांत पाणी शिरून त्या रुंदावल्या आणि मधल्या भागाच्या उभ्या पातळ भिंती उरल्या. भिंतीच्या ज्या भागात वाळूचे कण जोडणारा चुना पाण्याने विरघळला, तिथे खोबण झाली, गोठणाऱ्या पाण्याने कपचे निघत गेले आणि एके दिवशी भिंत आरपार झाली. नदीने किंवा ओढ्याने खालून कोरून काढलेल्या रचनेला भूगोलात नैसर्गिक पूल म्हणतात; दिसायला सारखी असली तरी तिची घडण वेगळी आहे.

कमान टिकते कशी, याचे सुंदर उत्तर प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील यिर्शी ब्रुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. वालुकाश्माच्या ज्या भागावर वरचे वजन येते तिथले कण दाबामुळे एकमेकांत घट्ट अडकतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. ज्या भागावर भार नाही तिथले कण सुटे होऊन वाहून जातात. म्हणजे निसर्ग कमानीचा आकार कोरत नाही, भार वाहणारा तेवढा भाग मागे ठेवतो. ओझे हीच तिची मजबुती असल्याचे हे स्पष्टीकरण मला या विषयातील सर्वांत समाधानकारक वाटते.

तरीही ती कायमची नसते. सुमारे नव्वद मीटर लांबीच्या लँडस्केप आर्चच्या खालच्या बाजूने १९९१ च्या सप्टेंबरमध्ये अठरा मीटर लांबीचा कपचा निसटला, त्या वेळी खाली पर्यटक होते. त्यांना आधी आवाज ऐकू आल्याने ते वाचले आणि त्यानंतर कमानीखालून जाणारी वाट बंद झाली. त्याच उद्यानातील वॉल आर्च ऑगस्ट २००८ मध्ये रात्री कोसळली, तेव्हा तिथे कोणी नव्हते. माल्टाच्या गोझो बेटावरील 'अझुर विंडो' ही समुद्रकमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात पडली. म्हणून कमान पाहावी ती थोडे दूर उभे राहून. तिच्याखाली जेवायला बसू नये, आणि नुकताच पडलेला, ताज्या रंगाचा कपचा दिसला तर तिथे रेंगाळूही नये.

वर चढण्याविषयी : एका माणसाच्या वजनाने मोठी कमान कोसळेल असे नाही. पण हजारो बुटांनी वरचा थर झिजतो आणि पाण्याला नव्या वाटा मिळतात. चेक प्रजासत्ताकातील २६.५ मीटर रुंदीची प्राव्चित्स्का ब्राना ही युरोपातील सर्वांत मोठी वालुकाश्माची कमान; झीज वाढल्यामुळे तिच्या माथ्यावर जाणे १९८२ पासून बंद आहे. चढणाऱ्याला स्वतःलाही धोका आहेच, कारण ओला वालुकाश्म निम्म्याहून अधिक बळ गमावू शकतो आणि हातात धरलेला कंगोरा तसाच निखळून येतो. पावसानंतर एक-दोन दिवस तरी अशा खडकावर हात टाकू नये.

प्रश्न : फुले, धबधबा आणि कमान ही तिन्ही एकाच दिवसात पाहता येतील अशी वाट असते का?

उत्तर : असते, पण तिचा शोध नकाशापेक्षा खडकावरून घ्यावा. कठीण वालुकाश्माखाली मऊ थर असेल तर ओढा तिथे धबधबा करतो, त्याच खडकाच्या पातळ धारेत कमान होते आणि ओलसर दरीच्या तळाशी फुलांना आसरा मिळतो. अमेरिकेतील केंटकी राज्याच्या रेड रिव्हर गॉर्जमध्ये शंभराहून अधिक कमानी आहेत आणि तेथील रॉक ब्रिजची दोन-अडीच किलोमीटरची गोल वाट क्रिएशन फॉल्स या छोट्या धबधब्यावरून ओढ्यावर उभ्या असलेल्या नैसर्गिक दगडी पुलापर्यंत नेते. एप्रिलमध्ये, पालवी फुटण्याआधी, आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला असताना आणि ऊन वर आल्यावर निघावे. पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा सोबत पहिल्या पत्रातल्यासारखी वयस्कर आई असेल तर तिच्या हातात काठी द्यावी.